खारपाणपट्ट्यात शेत घेताय? आम्हाला दाखवलेलं गोड पाणी आमच्या विहिरीचं नव्हतंच

अकोला, अमरावती किंवा बुलडाणा जिल्ह्यात वावर विकत घ्यायचा विचार असेल, आणि त्यातही तुम्ही बाहेरच्या राज्यातून येत असाल, तर कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा. आमच्या आयुष्यभराच्या बचतीतला मोठा हिस्सा यात गेलाय. ज्या पद्धतीने आम्हाला फसवलं ती पद्धत इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण बाहेरून येणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आम्ही इंदूरचे. तीन पिढ्या तिकडेच गेल्या, पण घरात मराठीच. ह्यांची नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन गेली, आणि गावाकडे जाऊन शेती करायची ही ह्यांची जुनी इच्छा वर आली. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेती घेता येत नाही. बुलडाण्याकडच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर ह्यांचं नाव आहे, म्हणून ती अडचण आली नाही. कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही सगळं नीट तपासलं. फेरफार पाहिले, जमीन भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी, आहे हे पाहिलं, बँकेचा बोजा नाही हे पाहिलं, मोजणी करून घेतली. त्या बाजूने आजही एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आम्हाला गाठलं ते पाण्यावर.

आधी या भागाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय फसवणूक कशी झाली ते कळणार नाही. पूर्णा नदी सातपुड्यातून उतरते, पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल सपाट, खोल काळी जमीन आहे. पाहणाऱ्याला वाटावं, असं रान दुसरीकडे मिळणार नाही. पण या जमिनीच्या पोटातलं पाणी खारं आहे. हाच खारपाणपट्टा. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा कितीतरी तालुक्यांतली गावं त्यात येतात. याच तालुक्यांपैकी काहींच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, पाणी चांगलं गोड आहे. तिकडे संत्रा आहे, केळी आहे, पानपिंपळी आहे. म्हणजे एकाच तालुक्यात वरच्या अंगाला संत्र्याच्या बागा आणि खालच्या अंगाला विहिरीचं पाणी पिकाला द्यायची सोय नाही. मधलं अंतर फार नाही. दलालांचा धंदा या अंतरावरच चालतो.

आमचा दलाल पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. ह्यांना 'भाऊसाहेब' म्हणायचा, मला 'वहिनी'. आम्हाला तालुक्याला भाड्याची खोली त्यानेच पाहून दिली, गॅसची नोंदणी, सामान उतरवायला माणसं, गाडीचं मध्य प्रदेशातलं नाहरकत प्रमाणपत्र इथल्या परिवहन कार्यालयात दाखल करणं, सगळ्याला धावून यायचा. नव्या मुलखात असं कुणी भेटलं की माणूस त्याला घरचंच समजतो. आम्हाला संत्र्याची बाग लावायची होती, हे आम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाणी गोड आहे का, हा प्रश्न ह्यांनी त्याला आणि मालकाला दोघांनाही माझ्यादेखत, एकदा नव्हे, अनेकदा विचारला होता. उत्तर ठरलेलं: "साखर हाये भाऊसाहेब, साखर."

वावर दाखवलं ते दसरा उलटल्यावर. हे महत्त्वाचं आहे. पावसाळा नुकताच संपलेला, कपाशी बोंडावर आलेली, विहीर हात घालावा इतकी वर भरलेली. मालकाने दोरी-बादलीने पाणी काढून दिलं. आम्ही दोघांनी प्यायलं. खरंच गोड लागलं. मोटर सुरू करून दाखवा म्हटलं तर "आता लाइन नाही, आमची पाळी रातची हाये" असं सांगितलं. शेतीला थ्री फेज वीज पाळीपाळीनेच मिळते, त्यामुळे त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पुढे विद्यापीठातल्या एका माणसाने आम्हाला समजावलं की पावसाचं आणि वरून झिरपलेलं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहतं. बादली वरच्या थरातून भरते. मोटर दोन-तीन तास चालवली की वरचं पाणी संपतं आणि खालचं यायला लागतं. मोटर त्यांनी का सुरू केली नाही, ते तेव्हा कळलं.

झोपडीजवळ मडकं होतं, त्यातलं पाणी तर फारच छान होतं. ते नळाचं होतं. अकोट-तेल्हारा भागात वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेडी पाणीपुरवठा योजना आहे. ज्या गावाच्या विहिरी गोड असतात, त्या गावाला प्यायचं पाणी डोंगरातल्या धरणावरून पाईपने आणावं लागत नाही. गाव पाहायला जाल तेव्हा हा प्रश्न पहिला विचारा: प्यायचं पाणी कुठून येतं?

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला संत्र्याची पंचवीस-तीस कलमं लावलेली होती. हिरवीगार, नवी पालवी फुटलेली. "हे पाहा न वहिनी, बाग त सुरूच केली होती, पण पोरीचं लग्न निघालं," असं मालक म्हणाला. ती कलमं त्याच पावसाळ्यात लावलेली होती. पावसाच्या पाण्यावर कुठलंही रोप चार महिने तजेलदारच दिसतं. ती आम्हाला दाखवायलाच लावली होती, हे मी आज खात्रीने म्हणते, कारण त्या वावरात त्याआधी कधीही संत्र्याचं झाड नव्हतं, हे नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं.

आणि शेवटी पाण्याच्या तपासणीचा अहवाल. शिक्का, सही, नमुना क्रमांक, सगळं त्यावर होतं. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती ते दाखवणारा आकडा, ०.६ (डेसीसायमन प्रति मीटर). ओलितासाठी, म्हणजे सिंचनासाठी, योग्य, असा शेरा. आम्हाला दिली ती छायाप्रत. मूळ प्रत बँकेत लागली आहे असं सांगितलं गेलं. "दुसरं गिऱ्हाईक दिवाळीच्या आत इसार द्यायला तयार हाये," हे वाक्यही त्याच बैठकीतलं. खरेदी झाली ती ओलिताच्या भावाने.

हिवाळ्यात आम्ही वावरात दोन खोल्या बांधल्या, ठिबक टाकलं, संत्र्याची आणखी कलमं लावली. फेब्रुवारीपासून फरक दिसायला लागला. साबणाला फेस येईना. तुरीची डाळ किती शिट्या केल्या तरी आख्खीच राहायची. बादली पालथी घालून वाळवली की तळाला पांढरी पुटं. मार्चअखेर ठिबकच्या तोट्या पांढऱ्या कपच्यांनी बुजल्या. संत्र्याची पानं आधी टोकाला करपली, मग कडेने तपकिरी झाली, मग गळाली. पानाचा मधला भाग हिरवा आणि भोवती जळकी किनार, अशी पानं मी वहीत ठेवली आहेत, पुरावा म्हणून. झाडांभोवतीच्या आळ्यांमधली माती ओली असताना चिखल आणि वाळली की विटेसारखी. कुदळ उडायची. वरून पांढरा खार फुटलेला.

शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्या आजी एक दिवस कळशी पाहून थांबल्या. "बाई, हे पाणी पोटात नोका घेऊ. आमी उन्हाळ्यात हे ढोरायलेई नाई पाजत." मी विचारलं, आजी, आधी का नाही सांगितलं? "तुमी इचारलं असतं त सांगतलं असतं न माय. तुमी त खरेदी झाल्यावरच आले आमच्याकडे." त्यांचा राग मला येत नाही. दलाल आम्हाला प्रत्येक वेळी गाडीतून थेट वावरात नेत होता आणि थेट परत आणत होता. गावात चहालासुद्धा थांबू दिलं नव्हतं.

मग मोटर भरपूर वेळ चालवून आम्ही स्वतः नमुना भरला आणि तपासून घेतला. वाहकता तीनच्या वर. ढोबळ मानाने ०.७५ पर्यंतचं पाणी ओलिताला चालतं, तिथून २.२५ पर्यंत फार जपून, निचरा चांगला असेल तरच, आणि त्यापुढे बहुतेक पिकांना घातक. संत्रा तर क्षाराला फार नाजूक. इथल्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असल्याने नुसतं झाडच नाही, जमीनही बिघडते: चिकण माती आवळते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून तपासणी करताना सोडियमचं प्रमाण आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारं कार्बोनेट-बायकार्बोनेट) हे दोन्ही आकडे मागून घ्या. उर्वरित सोडियम कार्बोनेट २.५ च्या वर असेल तर ते पाणी ओलिताला नको. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं खिशातलं टीडीएस मीटर जवळ ठेवा, खोटं बोलणाऱ्याला जागीच पकडता येतं, पण ते हे दोन आकडे सांगत नाही.

जुन्या अहवालावरचा नमुना क्रमांक घेऊन आम्ही त्या प्रयोगशाळेत गेलो. नोंदवहीत नमुना सापडला. मालकाच्या पुतण्याच्या नावाने, दुसऱ्याच गावच्या, वरच्या गोड पट्ट्यातल्या गटाचा. मूळ अहवालावर तोच गट होता, 'नमुना अर्जदाराने आणून दिला' असं स्पष्ट छापलेलं होतं. आमच्या छायाप्रतीवर गट क्रमांक आणि गावाचं नाव बदललेलं होतं. कागदावर कागद ठेवून प्रत काढली की असं होतं. नीट पाहिलं तर त्या ओळीतलं अक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड आहे.

मालकाचं म्हणणं, "तुमी सोता पिऊन पाह्यलं होतं." दलालाने दोन्हीकडून दलाली घेतली होती, हे तेव्हा समजलं. त्याचा फोन आता लागत नाही.

वकिलांनी सांगितलेलं थोडक्यात लिहिते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५: जमिनीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीने कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. करार कायदा १८७२, कलम १७ आणि १९: फसवणुकीने झालेला करार रद्द करून मागता येतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा टाकावा लागतो. पोलिसांनी पहिल्यांदा 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवलं. बदललेला अहवाल आणि मूळ नोंद शेजारी ठेवल्यावर अर्ज घेतला आणि पोच दिली. म्हणून सांगते, दलालाने दिलेला एकेक कागद, एकेक मेसेज जपून ठेवा. आमच्याकडे 'पाणी गोड आहे' असं लिहिलेला त्याचा मेसेज आहे, आणि वकिलांच्या मते दाव्यात त्याचं वजन मोठं आहे.

तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, गाव नमुना बाराच्या मागच्या आठ-दहा वर्षांच्या नोंदी काढा. त्यात कुठल्या हंगामात काय पेरलं आणि पाण्याचं साधन काय, हे रकाने असतात. आमच्या वावराच्या नोंदीत वर्षानुवर्षं कापूस, मूग आणि ओलावा धरून घेतलेला हरभरा, एवढंच आहे. विहीर असून एकदाही ओलिताचं पीक नाही. असं दिसलं की विहिरीत काहीतरी खोट आहे, हे धरून चाला. आणि वावर पाहायला एप्रिल-मेमध्ये या. दलाल कितीही घाई करो, दिवाळीला पाहिलेल्या वावराचा इसार उन्हाळ्यातलं पाणी पाहिल्याशिवाय देऊ नका.

ही जमीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसावर कापूस, तूर, मूग आणि उत्तम हरभरा घेतात, आणि शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी एकदा-दोनदा देऊन पीक वाचवतात. आम्हीही आता शेततळं खोदलंय आणि विहिरीची मोटर बंद ठेवली आहे. पण हे कोरडवाहू वावर आहे, त्याचा भाव कोरडवाहूचा, आणि आमच्याकडून पैसे घेतले ते बागेच्या पाण्याचे.

तोच माणूस बैतूल आणि खंडव्याकडच्या लोकांना याच पट्ट्यातली वावरं दाखवतोय, असं मला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून कळलंय. तुमच्या हातात कुणी पाण्याच्या अहवालाची छायाप्रत दिली असेल, तर खरेदीच्या आधी ती घेऊन प्रयोगशाळेत जा, नमुना क्रमांक सांगा आणि तो नमुना कुठल्या गावच्या कुठल्या गटाचा म्हणून नोंदवलाय, ते वहीत बघायला मागा.