ट्रायो आणि ट्यूमर जीनोमसाठी व्हेरिअंट कॉलर: कुठला घ्यायचा?

"सगळ्यात भारी कॉलर कुठला" हा प्रश्न कायम येतो (कॉलर म्हणजे सिक्वेन्सिंगच्या डेटातून डीएनएतले बदल, म्हणजे व्हेरिअंट, शोधणारं सॉफ्टवेअर), पण आधी हे सांगा की सॅम्पल आई-बाबा-मुलाचं (म्हणजे ट्रायो) आहे की ट्यूमरचं, कारण दोन्हीकडे काम सारखं दिसलं तरी गणितच वेगळं आहे. रक्तातल्या नॉर्मल डीएनएत बहुतेक ठिकाणी दोन कॉपी, त्यामुळे हेट (दोनपैकी एकाच कॉपीत असलेला) व्हेरिअंट ५० टक्क्यांच्या आसपास रीड्समध्ये (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) दिसतो. ट्यूमरमध्ये नॉर्मल पेशींची भेसळ, सबक्लोन (ट्यूमरमधलेच वेगळे बदल असलेले पेशींचे गट), कॉपी नंबरचा गोंधळ, मग खरं म्युटेशनसुद्धा ५ टक्के रीड्समध्येच सापडतं. डीपव्हेरिअंट किंवा जीएटीकेचा हॅप्लोटाइपकॉलर हे नॉर्मल डीएनएचे कॉलर नेहमीच्या सेटिंगवर ट्यूमरच्या बॅम फाइलवर (जीनोमवर जागच्या जागी बसवलेले रीड्स) बिनबोभाट चालतात, व्हीसीएफही (व्हेरिअंटच्या यादीची फाइल) छान निघते, फक्त तुम्हाला हवं होतं तेच त्यात नसतं.

ट्रायो असेल तर खरी स्पर्धा जीएटीके आणि डीपट्रायोची. जीएटीकेत प्रत्येकाचं जीव्हीसीएफ (बदल नसलेल्या जागांचीही नोंद असलेली व्हीसीएफ), मग जॉइंट जीनोटायपिंग (तिघांचं एकत्र कॉलिंग), मग पेडिग्री फाइल (कोण कोणाचं मूल ते) देऊन डी नोव्होचे (मुलात नव्याने आलेल्या, आई-बाबांत नसलेल्या बदलांचे) टॅग, म्हणजे पायऱ्या बऱ्याच पण अडलात तर उत्तर शोधून सापडतंच. डीपट्रायो तिघांचे रीड्स एकत्र बघतो, नंतर जीएलनेक्सस वापरून मर्ज करायचं. नवीन सेटअप लावताय तर मी डीपट्रायोच म्हणेन.

पण कुठलाही घेतला तरी डी नोव्होची यादी डोळे झाकून घेऊ नका. एका मुलात अख्ख्या जीनोममध्ये सिंगल बेसचे नवे बदल साधारण ६०-७० असतात, तुमच्याकडे हजारो आले तर बहुतेक कचराच आहे. होतं काय बघा: मुलाकडे ३० पैकी १४ रीड्समध्ये व्हेरिअंट, आईकडे त्या जागी ७ च रीड्स आणि एकातही नाही. आई खरंच हेट असली तरी सातही रीड्स रेफरन्स (बदल नसलेल्या) कॉपीतूनच येण्याची शक्यता १२८ त १ आहे, म्हणजे जीक्यू (कॉलच्या खात्रीचा स्कोअर) २१ च्या आसपास, म्हणजे २० चा कटऑफ आरामात पार!! लाखो हेट जागांमध्ये असे किती निघतील विचार करा. त्यामुळे आई-बाबांचं कव्हरेज (त्या जागी किती रीड्स आहेत) आधी बघा आणि उरलेले आयजीव्हीत (रीड्स डोळ्यांनी बघायचं सॉफ्टवेअर) उघडून बघा.

ट्यूमरसाठी म्युटेक्ट२ हा माझा पहिला चॉइस. नॉर्मल सॅम्पल (त्याच पेशंटचा ट्यूमरबाहेरचा डीएनए), पॅनेल ऑफ नॉर्मल्स (इतर नॉर्मल सॅम्पलमध्ये वारंवार दिसणाऱ्या चुकांची यादी) आणि नोमॅडची (लोकांमधल्या व्हेरिअंटचा डेटाबेस) फ्रिक्वेन्सी द्या, फिल्टरची पायरी विसरू नका, आणि सॅम्पल पॅराफिन ब्लॉकचं असेल तर ओरिएंटेशन मॉडेल (डीएनए खराब झाल्याने दिसणारे खोटे बदल ओळखणारं) चालवाच. नॉर्मलशिवायही तो चालतो पण ती दुधाची तहान ताकावर, दुर्मिळ जर्मलाइन (जन्मजात) व्हेरिअंट यादीत घुसतातच. स्ट्रेल्का२ वेगवान आहे, सोमॅटिकसाठी (ट्यूमरमध्ये नंतर आलेल्या बदलांसाठी) त्याला नॉर्मल लागतोच, आणि आधी मांटा हे टूल चालवून इंडेलचे (बेस वाढण्या-गळण्याचे बदल) कँडिडेट दिले तर बरं. वैताग एकच, सोमॅटिक व्हीसीएफमध्ये जीटी (जीनोटाइप) फील्डच नसतं, मग पुढचं टूल रुसून बसतं. शिवाय पायथन २ वर अडकलंय, शेवटचं रिलीज २०१८ चं. सेकंड ओपिनियन म्हणून ठेवा, पण दोघांत कॉमन तेवढंच घ्यायचं असं केलं तर कमी फ्रिक्वेन्सीचे खरे बदल जातात. लाँग रीड्स असतील तर डीपसोमॅटिक बघा.

ऑक्टोपस दोन्ही कामं करतो, फॅमिली पण आणि ट्यूमर पण, एकाच पेशंटचे अनेक ट्यूमर सॅम्पल एकत्र घेतो आणि फेजिंगही (कुठले बदल एकाच कॉपीवर आहेत ते) देतो. आयडिया मस्तच, पण अवघड भागात रेंगाळतो आणि डेव्हलपमेंट थंडावलीय, त्यामुळे एकट्या त्याच्यावर पाइपलाइन उभी करायला मी तरी धजावणार नाही.

ठरवण्याआधी स्वतःच्या मशीनवर ज्यांची बरोबर उत्तरं आधीच माहीत आहेत अशी सॅम्पल, म्हणजे ट्रायोसाठी जीआयएबीचा (जीनोम इन अ बॉटल) एचजी००२ आणि ट्यूमरसाठी एचसीसी१३९५, चालवून व्हीसीएफइव्हॅलने (याद्यांची तुलना करणारं टूल) मोजा. फक्त डीपव्हेरिअंटचं ट्रेनिंग जीआयएबीच्याच सॅम्पलवर झालंय, त्यामुळे जीएटीकेशी तुलना ट्रेनिंगमधून बाहेर ठेवलेल्या क्रोमोसोम २० वरच करा.