‘आनंद’चा शेवट: माणूस गेल्यावर आलेली हाक

‘आनंद’ (१९७१) पाहायचा तर शेवटाची नुसती क्लिप पाहू नका. आतड्याच्या कर्करोगानं आनंद जाणार, हे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी सुरुवातीलाच सांगून टाकतात. त्यामुळे धक्का नसतो, उरते ती धाकधूक. त्याचा डॉक्टर मित्र भास्कर औषध घेऊन पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. निपचित पडलेल्या मित्रावर तो चिडतो, ‘बोल’ म्हणून ओरडतो. आणि टेपरेकॉर्डरमधून आनंदच्याच आवाजात ‘बाबूमोशाय’ अशी, तो भास्करला मारायचा ती, हाक येते! अंगावर काटा येतो, कारण तो हसरा आवाज आणि निश्चल चेहरा एकाच वेळी समोर असतात. अशा जागी बरेच चित्रपट व्हायोलिनं ओततात आणि प्रसंग हातचा घालवतात. हेडफोन लावून, एका बैठकीत पाहा.