सोलापूरच्या उन्हात करडे पडलेले काळे प्लास्टिक आणि सेराकोटचा ट्रिम कोट

मोटारीच्या रंगाची आणि काचांची निगा राखणारे बरेच मालक बंपरचा खालचा काळा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांच्या पट्ट्या आणि वायपरखालची जाळी यांच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष देतात. तोवर हे भाग करडे, कोरडे आणि ठिपक्याठिपक्यांचे झालेले असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि बहुतेक गाड्या उघड्यावरच उभ्या असतात, त्यामुळे हे लवकर घडते. जुळे सोलापूरच्या वसाहतींत चारपाच वर्षे वापरलेल्या छोट्या एसयूव्ही पाहिल्या, तर पत्रा अजून चकाकत असतो आणि प्लास्टिक मात्र दहा वर्षांचे वाटते. आमच्या गाडीचेही तेच झाले होते. त्यावर सेराकोटचा सिरॅमिक ट्रिम कोट, म्हणजे अशा काळ्या प्लास्टिकवर लावायचा पारदर्शक लेप, लावला आणि एक उन्हाळा व एक पावसाळा त्यावरून गेल्यावर हे लिहीत आहे.

आधी प्लास्टिक करडे का पडते, ते पाहणे गरजेचे आहे, कारण औषध कोणते घ्यावे हे त्यावरच ठरते. न रंगवलेले हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यात लवचीकपणासाठी रबर आणि कडकपणासाठी टाल्क ही पांढरी खनिज पूड मिसळलेली असते, तर काळेपणा कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या रंगद्रव्यामुळे येतो. कार्बन ब्लॅक स्वतःच अतिनील किरण शोषून घेतो, म्हणून तो सहसा उडत नाही. ऊन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे पृष्ठभागावरच्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळ्या तुटतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतले टाल्क उघडे पडते आणि अशा खडबडीत थरावर प्रकाश विखुरल्यामुळे काळे प्लास्टिक करडे दिसू लागते. याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ धुतलेल्या भागावर थोडे पाणी ओतावे. ओले असताना तो भाग गडद काळा दिसत असेल, तर भेगा भरून काढणारा पारदर्शक लेप पुरेसा ठरतो. ओला असूनही पांढुरका राहिला, तर काळे रंगद्रव्य असलेला रिस्टोरर घ्यावा लागेल. सेराकोटचा हा लेप पारदर्शक आहे, त्यामुळे खरेदीआधी ही परीक्षा टाळू नये.

होटगी रोड असो की विजापूर रोड, वॉशिंग सेंटरवर धुलाई संपताच मुलगा स्पंज घेऊन येतो आणि ‘मालक, एकदम नवीन करून देतो’ म्हणत प्लास्टिकला आणि टायरला एकाच बाटलीतले दुधाळ ड्रेसिंग, म्हणजे चमक आणणारे द्रव, फासतो. ते बहुधा पाण्यात मिसळलेले सिलिकॉन तेल असते. संध्याकाळपर्यंत गाडी झकास दिसते, पण हे तेल घट्ट होत नाही. त्यावर आपल्याकडची धूळ बसते, पहिल्या सरीबरोबर ते दाराच्या रंगावर ओघळते आणि दोनतीन धुलायांत निघून जाते. खोबरेल तेल, गोडेतेल किंवा डिझेल चोळणे हे त्याहूनही वाईट. डिझेलने रबराच्या पट्ट्या फुगतात आणि खाण्याचे तेल उन्हात चिकट होऊन बसते. हीटगनने प्लास्टिक तापवून काळे करण्याची युक्तीही सांगितली जाते. तीत वरचा थर वितळून तात्पुरता गुळगुळीत होतो, पण हात थोडा रेंगाळला तरी पट्टी वाकते आणि दाणेदार पोत कायमचा नाहीसा होतो. आपल्या गाडीवर हा प्रयोग कोणी करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेराकोट हे अमेरिकेतील, मूळचे बंदुका आणि यंत्रभाग यांवरच्या सिरॅमिक लेपांसाठी प्रसिद्ध असलेले नाव आहे. ट्रिम कोट द्रवात भिजवलेल्या आणि सीलबंद पाकिटांत मिळणाऱ्या वाइप्सच्या रूपात येतो. लेप २०० हून अधिक धुलाया टिकतो, असे कंपनी सांगते. तो आकडा तपासण्याइतकी आमची गाडी धुतली जात नाही. सोलापुरात नळाला दिवसाआड पाणी आले तरी नशीब मानणाऱ्या घरात गाडी बोअरच्या पाण्यानेच आणि तीही बेताने धुतली जाते. तरीही पावसाळ्यानंतर काळेपणा कमी झालेला दिसला नाही आणि पाण्याचे थेंब अजूनही गोळा होऊन घसरतात, एवढे खात्रीने सांगता येते.

खरे श्रम लेपाच्या आधीच्या सफाईत आहेत आणि निकालही तिथेच ठरतो. जुन्या ड्रेसिंगचे तेल दाणेदार प्लास्टिकच्या खळग्यांत राहिले, तर लेप प्लास्टिकला न चिकटता त्या तेलावर बसतो आणि पुढे खपल्यांसारखा सुटतो. म्हणून ऑल पर्पज क्लीनर दहापट पाण्यात मिसळून मऊ नायलॉन ब्रशने सगळे भाग घासावेत. फेस तपकिरी निघणे बंद होईपर्यंत हे करावे. पत्र्याला लावलेल्या वॅक्सच्या, प्लास्टिकवर वाळलेल्या पांढऱ्या रेषा याच वेळी निघतात. बोअरच्या जड पाण्याचे क्षारांचे डाग राहिले, तर ते पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून, धुऊन, पूर्ण कोरडे करावेत. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हात फिरवावा. पुसण्यासाठी मायक्रोफायबरच घ्यावे. सोलापुरात राहून सोलापुरी टॉवेलला नाव ठेवणे जिवावर येते, पण त्याचे सुती तंतू दाणेदार प्लास्टिकमध्ये अडकतात आणि लेपाखाली कायमचे राहतात.

लावण्याची जागा सावलीतच असावी आणि प्लास्टिक हाताला थंड लागले पाहिजे. मेमधल्या दुपारी बंपर इतका तापलेला असतो की द्रव पसरण्याआधीच वाळतो आणि पट्टे उमटतात. ते नंतर पुसून जात नाहीत. पहाटेची वेळ उत्तम. रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावावी, हातमोजे घालावेत आणि एका वेळी एकच पट्टी किंवा एकच कमान घेऊन थर समान पसरवावा. जाड थर लावला म्हणून अधिक काळे होत नाही, उलट चमक असमान दिसते. उघडलेली वाइप वाळू लागते, म्हणून सगळी गाडी स्वच्छ झाल्याशिवाय पाकीट फोडू नये. अशा लेपांपैकी बरेचसे हवेतील ओलाव्याने घट्ट होतात. त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांना वेळ जास्त लागतो. मी गाडी दुसऱ्या दिवशीपर्यंत पत्र्याच्या छपराखालीच ठेवली आणि पाणी लागू दिले नाही.

निकाल पाहता, पट्ट्या नव्या गाडीपेक्षा किंचित अधिक चमकदार पण तेलकट न वाटणाऱ्या काळ्या झाल्या. बोट फिरवले तर हाताला काही लागत नाही आणि धूळ कोरड्या कपड्याने निघते, हा मला चमकीपेक्षा मोठा लाभ वाटतो. वायपरखालची जाळी, जी आमच्याकडे सर्वांत खराब होती, तीही एकसारखी दिसते. चाकाच्या कमानीवरचे दगडांचे खोल ओरखडे मात्र तसेच आहेत. पारदर्शक लेपाकडून त्याची अपेक्षाही नव्हती.

किमतीचा विचार केला तर आयात माल असल्याने विक्रेत्यागणिक फरक पडतो आणि देशी ड्रेसिंगच्या बाटलीपेक्षा तो कितीतरी महाग पडतो. गाडी येत्या वर्षभरात विकायची असेल, किंवा ती सदैव बंद गॅरेजमध्ये राहत असेल, तर इतका खर्च करण्याचे कारण नाही. पाण्याच्या परीक्षेत जिचे प्लास्टिक काळे दिसत नाही, ती गाडीही यातून वगळावी. बाकीच्यांनी फेब्रुवारीच्या आतच, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी, हे काम उरकावे. स्वतः करायला वेळ नसेल तर डिटेलिंगवाल्याकडे द्यावे, पण जुने ड्रेसिंग कशाने काढणार, एवढे मात्र पैसे ठरवण्यापूर्वी त्याला विचारावे.