मंडईजवळचं बियाण्याचं दुकान: भेंडी पास, खरबूज नापास

सहकारनगरला गच्चीवर माझ्या 22 कुंड्या आहेत. जानेवारीअखेर मंडईमागच्या एका बियाण्याच्या दुकानात गेले. काकांनी आधी विचारलं, "ऊन किती तास येतं?" हे आवडलं. मी भेंडीचं पुसा सावनी हे वाण मागत होते. म्हणाले, "ताई, ती केवडा रोगाला बळी पडते, परभणी क्रांती न्या." खरंच, शेजारणीच्या भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडली, माझी हिरवीगार. बी रात्रभर भिजवलं होतं; 48व्या दिवशी पहिली तोडणी. लुसलुशीत! दोन दिवस विसरलं की मात्र लाकूड.

खरबुजात फसले. हवं होतं अर्का जीत. फळं अर्ध्या किलोच्या आतली, जाळीवरच्या वेलाला झेपणारी. पुडी सुटी, नाव पेनाने लिहिलेलं, तारीख नाही. आलं भलतंच, काकडीसारखं लांबट नि फिकं. काका म्हणे, "पाणी जास्त झालं असेल." पाण्याने फळ फिकं होतं, कबूल, लांब कसं होईल हो?

ऑल ग्रीन पालक चारदा कापला. कसुरी मेथी मार्चच्या उन्हात बसली, पण ती थंडीची, चूक माझीच. भेंडीसाठी परत जाईन. खरबूज घेईन ते सीलबंद पाकिटातलं, तारीख वाचूनच. आणि गाडी घरी ठेवून जा, तिथे लावायला जागा नाही.