आठ महिने वापरलेले रायडिंग बूट: चामडं टिकलं, सोलचा भुगा झाला

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला. चिकटवलेलं सुटलं असतं तर पुन्हा चिकटवता आलं असतं, पण इथे मधला थरच गेला होता. बोटाने चोळला की चहात भिजलेल्या बिस्किटासारखा राखाडी भुगा हातात येत होता. खालचा नक्षीचा थर मात्र जवळजवळ नवा. खाचा अजून तीन मिलिमीटर खोल, टाचेची कडसुद्धा झिजलेली नाही. चार दिवसांनी डावाही तसाच गेला. खरेदी मेअखेरची, म्हणजे वापर जेमतेम आठ महिन्यांचा.

हा अनुभव ऑक्टोबरमध्ये लिहिला असता तर भरभरून कौतुक केलं असतं. त्यातलं बरंचसं आजही खरं आहे, म्हणून तेही सांगतो. पण मुद्दा सोलचा आहे, आणि बूट घेताना सोलकडे कुणी बघत नाही म्हणून तो जरा लांबवणार आहे.

वापर असा: रोज सातारा शहर ते एमआयडीसी, कधी स्कूटर कधी मोटरसायकल. पावसाळ्यात यवतेश्वर घाटाने कास, मेढ्यावरून केळघर घाट. पावसाळा सरल्यावर माण-खटावकडच्या फेऱ्या. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरचा पाऊस आणि दहिवडीचा फुफाटा, त्यामुळे बुटाची परीक्षा इथे पुरेपूर होते. बूट घोट्याच्या वर चार बोटं येणारा, जाड चामड्याचा, बाजूला चेन आणि पुढे लेस, आत वॉटरप्रूफ पडदा, किंमत सहा हजारांच्या आतबाहेर. या वर्गातले सगळे बूट साधारण असेच असतात.

आधी भुगा का झाला ते. हलक्या, मऊ सोलच्या मधला थर बहुतेक वेळा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या पीयूला हवेतला ओलावा हळूहळू तोडतो आणि उष्णतेने ते काम आणखी वेगाने होतं. बूट पायात असो की डब्यात, ही मोडतोड चालूच राहते. न वापरता जपून ठेवलेले बूट म्हणूनच पहिल्याच फेरीत उकलतात. बाहेरचा थर रबराचा किंवा टीपीयूचा, म्हणजे पीयूच्याच जातीच्या कडक प्लॅस्टिकचा, असेल तर तो धडधाकट दिसतो आणि आतलं कुजलेलं कळतच नाही. आमच्या डब्यावर एमआरपीच्या शेजारी निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं होतं, ते वाचलं सोल गेल्यावर. खरेदीच्या आधी साडेचार वर्षं! इतका काळ तो जोड कुठल्या तरी गोदामात उन्हाळे-पावसाळे काढत होता, आणि सवलत का मिळाली त्याचा उलगडा तिथेच झाला.

तेव्हा दुकानात पहिलं काम डब्यावरची तारीख बघायचं. पीयूचा सोल असेल तर वर्षाच्या आतला माल घ्यावा. दोन वर्षांच्या पुढचा कितीही स्वस्तात मिळो, सोडून द्यावा. डबाच नसेल, ‘डिस्प्लेचा पीस’ असेल, तर तोही नको. मग बूट आडवा धरून चामडं आणि तळ यांच्या मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबायचं. चांगला पीयू दबतो आणि लगेच वर येतो. नखाची खूण तशीच राहिली, कण सुटला किंवा बोटाला चिकट लागलं तर तो संपत आलेला आहे. चवडा वाकवून बघितला की त्याच थरात केसासारख्या भेगा दिसतात, त्याही धोक्याच्याच.

पूर्ण रबरी सोलला हा रोग नाही. तो जड असतो, पहिले पंधरा दिवस कडक लागतो, पण ओल्या रस्त्यावर त्याच्याइतकी पकड कशालाच नाही. कडक टीपीयू झिजायला चांगला, पण ओल्या फरशीवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सटकतो. हे स्कूटरवाल्यांनी जास्त मनावर घ्यावं. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात, गिअर नाही, म्हणजे पायाला काम एकच: थांबताना गाडी पेलणं. हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकाखाली चिरडून रस्त्यावर त्याचा चोथा पसरलेला असतो, त्यात सकाळचं दव. तिथे पाय टेकवला आणि तळ सटकला की शंभर किलोची गाडी नडगीवर येते. स्कूटरला पोलादी टोकापेक्षा तळाची पकड दहापट महत्त्वाची.

पोलादी टोकाचा विषय निघालाच आहे तर तोही संपवतो. एमआयडीसीत कामाला जाणारे बरेच जण कंपनीचे सेफ्टी शूजच गाडीवर वापरतात. हजार-दीड हजारात मिळतात, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे. पण ते बनतात वजन पायावर पडू नये म्हणून. 200 जूलची चाचणी म्हणजे साधारण वीस किलोचा ठोकळा एक मीटरवरून बोटांवर पडला तरी टोपी बोटांना टेकेपर्यंत दबू नये. गाडीवरून पडल्यावर होतं वेगळंच. गाडी आडवी होते, पाय इंजिन आणि रस्ता यांच्यात सापडतो, तळवा दोन्ही बाजूंनी चेपतो किंवा घोटा मुरगळतो. तिथे पोलादी टोपीचा उपयोग नाही. लो-कट सेफ्टी शूजमध्ये घोटा तर उघडाच राहतो. शिवाय टोपीमुळे बुटाचं नाक उंच होतं आणि गिअरच्या दांडीखाली शिरत नाही.

मोटरसायकलच्या बुटांसाठी युरोपचं ईएन 13634 हे मानक आहे. तशा बुटाच्या आतल्या पट्टीवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि त्याखाली चार आकडे असतात, प्रत्येक 1 किंवा 2. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, चौथा सोल आडवा चेपला जाण्याचा. 2 म्हणजे वरचा दर्जा. माझ्या मते चौथ्यावर सगळ्यात आधी नजर जावी, कारण गाडीखाली पाय सापडल्यावर तोच कामाला येतो. पुढे आयपीए असेल तर घोट्याचं संरक्षण तपासलेलं आहे, आयपीएस नडगीचं, डब्ल्यूआर म्हणजे पाण्याची चाचणी. डब्यावर नुसतं ‘रायडिंग बूट’ छापलेलं असलं आणि आत ही पट्टी नसली तर पैसे दिसण्याचे घेतले जात आहेत, हे धरून चालावं.

मानकाची पट्टी नसलेला बूट घ्यायचाच असेल तर हाताने बघता येतं. एका हातात टाच, दुसऱ्यात नाक धरून ओलं फडकं पिळतात तसा पिळायचा. फडक्यासारखा पिळला गेला तर तळव्यात पोलादी पट्टी नाही. मग सोलच्या दोन्ही कडा चवड्याच्या रुंद भागाशी तळहातांत धरून दाबायच्या, बूट घडी होता कामा नये. घोट्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबायचं. आत वाटीसारखा कडक तुकडा लागला पाहिजे आणि तो घोट्याच्या हाडावर बसला पाहिजे. आमच्या बुटात बाहेरच्या बाजूला कडक वाटी आणि आतल्या बाजूला नुसता स्पंज निघाला.

माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, आणि गाडीवर घालणार तेच जाड मोजे घालून बघावं. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. चालताना टाच आत वरखाली होत असेल तर तो बूट पडल्यावर पायातून निघतो. पावसाळ्यात बरेच जण गमबूट घालून गाडी चालवतात, त्यांची अडचण हीच. पाणी अडतं, पण तो पायाला धरून नसतो आणि घोट्याला काहीच आधार नाही.

आता पाण्याबद्दल, इथे मत दोनदा बदललं. जूनमध्ये वाटलं पैसे वसूल: केळघर घाटात तासभर मुसळधार, आत थेंब नाही. जुलैत वाटलं पैसे बुडाले, आत पाणी डचमळत होतं. चूक बुटाची नव्हती. रेनपँट बुटात खोचली होती, आणि पँटवरून ओघळणारं सगळं पाणी सरळ आत जात होतं. पँट बुटाच्या वरून हवी, आणि खाली इलॅस्टिक किंवा वेल्क्रोने आवळलेली. त्यानंतर आत पाणी आलं नाही. पण वॉटरप्रूफ पडद्याची दुसरी बाजू अशी की एकदा आत ओल गेली की ती लवकर बाहेर पडत नाही. साधा चामड्याचा बूट एका रात्रीत वाळायचा, याला पंख्याखाली दोन दिवस लागले. म्हणून आज विचाराल तर रोजच्या शहरी वापराला पडदा नको. साधं जाड चामडं, महिन्यातून एकदा शिवणींवर मेण, आणि कास-महाबळेश्वरला जाताना वरून रबरी कव्हर. ते स्वस्त पडतं आणि मार्च-एप्रिलमध्ये माणकडे जाताना पाय उकडत नाहीत.

वाळवताना सोलचं आतलं पान बाहेर काढायचं, बुटात जुनं वर्तमानपत्र कोंबायचं, तासाभराने ओला कागद बदलायचा, मग रात्रभर पंखा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की चामडं कडक होऊन वाकण्याच्या जागी तडकतं, आणि पीयूचं आयुष्यही त्याच उष्णतेने घटतं. खोबरेल लावू नये. चामडं मऊ पडून सैल होतं आणि धूळ धरतं. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कापडी पिशवीत ठेवावेत.

ज्या चेनवर पहिल्या दिवसापासून शंका होती ती आठ महिन्यांत एकदाही अडली नाही. चिखल सुकल्यावर जुन्या टूथब्रशने दात साफ करायचे आणि मेणबत्ती घासायची, इतकंच. लेस मात्र लांब होत्या, आणि लांब लेस ही खरोखर घातक गोष्ट आहे. गाठीचा फास फूटरेस्टच्या टोकात किंवा साइड स्टँडच्या बोंडात अडकतो, सिग्नलला पाय खाली येत नाही आणि गाडी जागेवर पडते. लेस कापून, टोकं जाळून, गाठ बाहेरच्या बाजूला आणून आत खोचावी.

गिअरचं एक काम राहूनच जातं. स्प्लेंडरसारख्या टाच-चवड्याच्या दांडीला फारसा त्रास नाही. पण पुढे एकच दांडी असेल तर जाड बूट खाली शिरत नाही, आणि लोक पाय तिरका करून गिअर टाकत राहतात. दांडी दातेरी शाफ्टवर बसलेली असेल तर तिचा बोल्ट दहाच्या पान्याने पूर्ण काढायचा, दांडी एक दात वर घेऊन बसवायची. दांडी आणि शाफ्ट यांना जोडणारी सळई, म्हणजे लिंक रॉड, असेल तर त्याच्या दोन लॉकनटांपैकी एकाचे आटे उलटे असतात, ते ध्यानात ठेवून दोन्ही सैल करायचे आणि रॉड फिरवून उंची लावायची. ब्रेकचं पॅडलही बघावं. जाड तळामुळे त्यावर पाय टेकलेला राहतो आणि कळत नाही. ब्रेक लाइट उगाच जळत असेल तर हे कारण असू शकतं.

विक्रेत्याचं म्हणणं होतं, ‘ही वापरातली झीज आहे, शिवाय सहा महिन्यांची वॉरंटी संपली.’ झीज खालून वर होते, आतून बाहेर होत नाही. खाचांची खोली पट्टी लावून फोटोत घेतली, भुगा पिशवीत भरला, डब्यावरची तारीख, बिल आणि हे सगळं लेखी पाठवलं. उत्तर टाळाटाळीचं आलं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि निम्मी रक्कम परत आली. तेवढ्यावर थांबलो. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी: पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. डबा मात्र जपून ठेवा. तो फेकला असता तर हातात काहीच नव्हतं.

वरचं चामडं, शिवण, चेन ठणठणीत असल्याने बूट टाकवेना. नवा सोल लावून घेतला, साडेचारशे रुपये. लावून घेणार असाल तर समोर बसून घ्या. जुना पीयू शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढला पाहिजे, नाहीतर नवा सोल भुग्यालाच चिकटतो. मग काचपेपर, सोल्युशनचे दोन पातळ हात, दर वेळी बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबणं, दाबून बसवणं आणि कडेने पूर्ण फेर शिलाई. पिवळं सोल्युशन रबराला चालतं. टीपीयू किंवा पीव्हीसीचा सोल असेल तर पीयूचंच सोल्युशन मागा. शिलाई करणाऱ्या मामांनी खरवडताना आतली पोलादी पट्टी दाखवली. टाचेकडे गंज चढला होता, पण सरळ होती. तिच्यावर पॉलिशचा हात मारून मगच त्यांनी रबर बसवलं.

असा बूट कंपनीच्या चाचणीइतका भरवशाचा राहत नाही, म्हणून तो आता शहरात स्कूटरवरच चालतो. घाटासाठी दुसरा जोड घेतला, पूर्ण रबरी शिवलेल्या सोलचा, डब्यावरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची. ती तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पक्क्या पेनने लिहून ठेवली आहे.