व्हेअर द माउंटन मीट्स द मून : पोरीसाठी मागवलं आणि घरात सगळ्यांनी वाचलं

बोलणारा मासा, ड्रॅगन, चंद्राचा म्हातारा असलं काही असलेलं पुस्तक मी स्वतःहून कधी हातात घेतलं नसतं. पण भाची पाचवीला आहे, सेमी इंग्लिशला, वाचता सगळं येतं पण वाचायचा कंटाळा, म्हणून ग्रेस लिनचं हे पुस्तक ऑनलाइन मागवलं. सांगलीतल्या दुकानात विचारलं होतं, मागवून देतो म्हणाले आणि विसरले, जाऊदे. पुस्तक २००९ चं आहे, २०१० ला न्यूबेरी ऑनर (अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांसाठीचा मान) मिळालाय, लेखिका अमेरिकेतली पण गोष्टी सगळ्या चिनी लोककथांवरून घेतलेल्या. रंगीत चित्रं पण तिनंच काढलीयत आणि ती खरंच बघत बसावी अशी आहेत.

गोष्ट अशी की मिनली नावाची पोरगी एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याला राहते, चिखलात भात लावायचा, दिवसभर राबायचं आणि खायला जेमतेम. बाप रोज जेवताना गोष्टी सांगतो आणि आई करवादते की गोष्टींनी पोट भरतंय होय. तर ही पोरगी जवळच्या दोन तांब्याच्या नाण्यांपैकी एक देऊन गोल्डफिश घेते, आई म्हणते आता आणखी एक तोंड पोसायचं, मग पोरगीच मासा नदीत सोडते आणि तो मासा तिला चंद्राच्या म्हाताऱ्याकडं जायची वाट सांगतो. घरचं नशीब कसं बदलायचं हे त्याला विचारायला ती निघते, वाटेत उडता न येणारा ड्रॅगन भेटतो वगैरे वगैरे.

तो डोंगर उघडा का पडला याची गोष्ट अगदी सुरुवातीलाच येते. ढग राखणारी ड्रॅगन असते, लोक पाऊस जास्त झाला म्हणून कुरकुर करतात, ती चिडून पाऊसच बंद करते, मग माणसं मरायला लागलेली बघून तिची चार पिल्लं स्वतः नद्या होऊन वाहतात. आता हे सांगलीत बसून वाचायचं म्हणजे बघा, २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा इकडं सगळे बास कर बाई आता म्हणून हात जोडत होते आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडं लोक टँकरची वाट बघत होते. माझं सासर जतचं, भाची सुट्टीला माझ्याबरोबर येते तिकडं, ती लगेच म्हणाली, "आत्या, ह्यांचा डोंगर तुमच्या जतसारखाच दिसतोय की गं." मला काय बोलावं कळेना.

पण मला पुस्तक आवडलं ते ड्रॅगनमुळं नाही, मागं राहिलेल्या आईबापामुळं. असल्या पुस्तकांत पोरं एकदा घराबाहेर पडली की आईबाप गायबच होतात, इथं मध्ये मध्ये आपल्याला परत घरी नेतात. दोघं तिला शोधायला निघतात, मग घरी परतून वाट बघत बसतात, आईचा राग, तिचं बापालाच बोल लावणं, आणि हळूहळू आपल्याच कुरकुरीनं पोरगी गेली हे तिला उमगणं, हे सगळं इतकं सावकाश आणि खरं लिहिलंय की मी वाचता वाचता थांबले. गोष्टींवर चिडणारी ही आई शेवटी स्वतः एक गोष्ट सांगते, तो चॅप्टर मोठ्या माणसांनी वाचावाच.

आणखी एक जागा. थंडीच्या डोंगरावर जायचं म्हणून एका गावातली माणसं मिनलीला कोट शिवून देतात आणि मग तिच्या लक्षात येतं की प्रत्येकानं आपल्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून दिलाय. आमच्याकडं जुन्या लुगड्यांची गोधडी असते तसंच, फक्त इथं कपडे अजून अंगावर होते. भाचीनं ते पान परत वाचायला लावलं.

तक्रार आहेच. गोष्टीत गोष्ट, त्यात अजून एक गोष्ट, मधल्या भागात हे जरा जास्तच होतं आणि मूळ प्रवास रेंगाळतो, लहान पोरं तिथं सोडून देऊ शकतात. सुखाचं गुपित म्हणून जे काय सापडतं ते पण थोडं प्रवचनच वाटलं मला. मात्र नंतर कळतं की त्या रेंगाळणाऱ्या गोष्टींमधली बरीच माणसं शेवटी एकमेकांना जोडलेली आहेत, तेव्हा धीर धरा. आणि म्हाताऱ्याला एकच प्रश्न विचारायची परवानगी असते, ड्रॅगनचा पण एक प्रश्न तिच्याकडं असतो, पुढं काय होतं ते मी सांगत नाही.

इंग्रजी सोपं आहे, चॅप्टर छोटे आहेत, झोपायच्या आधी एखादा आरामात होतो. पोराला एकट्याला अवघड जात असेल तर शेजारी बसून मराठीत सांगत सांगत वाचा, आम्ही तसंच केलं, शेवटी शेवटी तर माझा भाऊ पण टीव्ही बंद करून येऊन बसायला लागला. पाचपैकी साडेचार, अर्धा मधल्या रेंगाळण्यासाठी कापला. याच लेखिकेचं स्टारी रिव्हर ऑफ द स्काय आता मागवलंय, ते भाची आधी वाचणार आणि मग मला देणार असं ठरलंय.