लाल, पांढरे, काळे गोळे: रेणू जोडायचा संच

मी घरी आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात म्हटलं, की "मग तो संयुग ना, ताई?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. फळ्यावर कितीही लिहा, डोक्यात शिरत नाही. म्हणून यंदा जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून हा संच आणला. साडेतीनशे रुपये. ऑक्सिजनचे गोळे लाल, हायड्रोजनचे पांढरे, कार्बनचे काळे.

पहिल्याच तासाला पैसे वसूल झाले. लाल गोळ्याला दोन भोकं असतात. दोन लाल गोळे दोन लवचीक काड्या वाकवून जोडले, की आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन. रेणू तयार झाला, पण रंग एकच, म्हणजे अणू एकाच प्रकारचे, म्हणून मूलद्रव्यच. एका लाल गोळ्याला दोन पांढरे लावले की पाणी. रंग दोन झाले, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे अणू जोडले गेले, आता संयुग. कोणाला पाठ करावं लागलं नाही.

दोघी मैत्रिणींनी पाण्यात आणखी एकेक लाल गोळा घुसवला आणि विचारलं, "हे असतं का?" असतं की! हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला वापरतात ते. मी म्हटलं, आता तो जादाचा गोळा काढा. दोघींच्या हातात पाणी राहिलं आणि सुटलेले दोन लाल गोळे त्यांनी आपणहून जोडले. जखमेवर फसफसतो तो हाच ऑक्सिजन, हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघायला हवे होते.

एक चूक मात्र मला खटकली. सोबतच्या पुस्तिकेत ओझोन म्हणजे तीन लाल गोळ्यांचा बंद त्रिकोण दाखवलाय. खऱ्या ओझोनमध्ये टोकाचे दोन अणू एकमेकांना जोडलेले नसतात. मधल्या अणूपाशी सुमारे ११७ अंशांचा कोन असतो. त्या मधल्या अणूला तीन काड्या लागतात, म्हणून दोन भोकांच्या गोळ्याने ओझोन जमतच नाही. तीन भोकांचा एक लाल गोळा द्यायला काय हरकत होती? मुलं चित्र बघून शिकतात हो. मी त्या पानावर पेनाने दुरुस्ती केली आहे.

मिठासाठीही हा डबा काढू नका. मीठ संयुग आहे, पण त्यात सुटे रेणू नसतात, सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंची, रचना सलग पसरलेली असते. ते मी फळ्यावरच शिकवते.

काड्या चिवट आहेत, चार महिन्यांत एकच तुटली. लाल गोळे मात्र सहाच येतात. चारपेक्षा जास्त मुलं असतील तर दोन डबे घ्या.